घरातील फायबरच्या यंत्रासाठी जागेची निवड

शेतात विहीर घ्यावयाची झाली म्हणजे शेतकरी एकदम कुदळ हाती घेत नाही. तो जमिनीचा उतार पाहतो, शेजारच्या विहिरींना पाणी किती खोलीवर लागले याची चौकशी करतो, जाणत्या माणसांना विचारतो आणि मगच जागा नक्की करतो. परंतु त्याच शेतकऱ्याच्या घरी फायबरची तार येते, तेव्हा यंत्राची जागा दहा मिनिटांत ठरते. तार ओढणारा कारागीर खांबाला जवळची भिंत पाहतो, तेथे छिद्र पाडतो आणि आतल्या बाजूस विजेचे जे बटण सापडेल त्याच्या शेजारी यंत्र टांगून निघून जातो. पुढे वर्षानुवर्षे घरातील माणसे त्या जागेशी जुळवून घेत राहतात. ही चूक टाळणे अवघड नाही. त्यासाठी काय करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर पोहोचविण्याच्या योजनेस केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. २०१५ पासून ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित कार्यक्रमास मान्यता मिळाली. शासकीय योजनेतून असो वा खाजगी सेवेतून, ही तार आता ग्रामपंचायतीच्या दारावरून पुढे शेतकऱ्याच्या घरात येऊ लागली आहे. समुद्रपूर तालुक्यातील गिरडसारख्या टेकडीच्या पायथ्याशी वसलेल्या गावात तिचे महत्त्व अधिक वाटते. टेकडीच्या आडोशाच्या घरात मोबाइलची लहर क्षीण पडणे स्वाभाविक आहे. फायबरच्या तारेस मात्र टेकडीची अडचण नसते. म्हणून तार घराच्या दारापर्यंत आल्यावर तिचा लाभ केवळ जागेच्या चुकीमुळे वाया जाऊ नये.

तारेतून काय येते?

फायबरची तार ही विजेची तार नव्हे. तिच्या पोटात काचेचा एक अतिशय बारीक धागा असतो. त्याची जाडी एक मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढी, आणि प्रकाश ज्या गाभ्यातून वाहतो तो गाभा त्याहूनही कितीतरी बारीक. या धाग्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश धावतो व त्यावर माहिती वाहून नेली जाते. 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव पंजाबातील मोगा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी यांनी १९६० साली प्रचारात आणले. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश तिच्यातून दूरवर नेता येईल, हे चार्ल्स काव यांनी १९६६ साली दाखवून दिले. या कार्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

काचेचा हा धागा आज इतका शुद्ध असतो की एक किलोमीटर अंतर कापताना प्रकाशाचा सुमारे बारावा हिस्सा तेवढा कमी होतो. घरातील तीस-चाळीस फूट जादा तारेने होणारी घट मोजण्याजोगीही नसते. परंतु तीच तार बोटाभोवती गुंडाळावी तशी घट्ट वाकविली, किंवा खिळ्याखाली अथवा पोत्याखाली दाबली गेली, तर प्रकाश वळणातून बाहेर निसटतो आणि एका वळणावर कित्येक किलोमीटरच्या तारेहून अधिक घट होऊ शकते.

घरातील यंत्र, ज्यास लोक 'राउटर' किंवा 'वाय-फायचा डबा' म्हणतात, या प्रकाशाचे रूपांतर वाय-फायच्या लहरींत करते. या लहरींची गोष्ट तारेच्या उलट आहे. प्रत्येक भिंतीत त्या क्षीण होतात, पत्र्यावर आपटून परत फिरतात आणि ओलसर मातीत जिरून जातात. यावरून या विषयातील मुख्य नियम निघतो तो असा : अंतर कापण्याचे काम तारेस द्यावे, वाय-फायला देऊ नये. खांबाला जवळची भिंत ही यंत्राची जागा नव्हे. तार आणखी तीस फूट आत न्यावी लागली तरी चालेल, पण यंत्र योग्य ठिकाणीच असावे.

एका घरचा अनुभव

गिरडच्या आसपासच्या एका गावातील शेतकरी कुटुंबात ही तार एप्रिल महिन्यात आली. घराच्या कडेला टिनाच्या छपराची एक खोली होती व ती खांबाला सर्वांत जवळ होती. त्या दिवशी प्रस्तुत लेखक दुसऱ्या कामासाठी त्या घरी गेला होता. खोली पूर्ण रिकामी होती, भिंतीवर विजेचे बटण होते, आणि यंत्र तेथे बसविण्यास हरकत नाही असे मत लेखकानेही दिले. ते मत चुकीचे होते.

दिवाळीनंतर त्या खोलीत कापूस येऊ लागला. भाव वाढेल या आशेने तो घरातच ठेवला गेला आणि डिसेंबरपर्यंत ढीग छातीएवढा झाला. विजेचे बटण ढिगाखाली गेले, तार ढीग व भिंत यांच्यामध्ये दाबली गेली आणि यंत्रावरील लाल दिवा लुकलुकू लागला. हमीभावाने कापूस विकण्यासाठी भारतीय कापूस महामंडळाने २०२५-२६ च्या हंगामात 'कपास किसान' या ॲपवर नोंदणी ठेवली होती. नोंदणी झालेली होती. परंतु कापूस नेण्याची वेळ ठरवावयाची त्याच आठवड्यात घरातील जोडणी बंद पडली. अखेर मुलाने चढावर जाऊन मोबाइलवरून काम पुरे केले, पण हाती आलेली तारीख बरीच पुढची होती.

खरी धोक्याची गोष्ट त्यानंतर कळली. घरच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी ढीग बाजूस सारला, तेव्हा यंत्रास वीज पुरविणाऱ्या अडॅप्टरभोवतीचा कापूस पिवळसर-करडा झालेला दिसला. अडॅप्टर चालू असताना थोडा तापतो. मोकळ्या हवेत ती उष्णता निघून जाते. कापूस मात्र उष्णता धरून ठेवतो. त्या घरी आग लागली नाही, हे सुदैव म्हणावयाचे. वर्षाचे उत्पन्न, घर आणि शेजारचा कोठा एका अडॅप्टरमुळे धोक्यात आला होता.

या प्रसंगावरून ध्यानात येईल की घर एका दिवसात पाहून जागा ठरविता येत नाही. एप्रिलमधले घर वेगळे व डिसेंबरमधले घर वेगळे असते.

घराचा नकाशा व वर्षाचा नकाशा

प्रथम एका कागदावर घराचा साधा नकाशा काढावा. चौकटीच्या वहीतील एक चौकट म्हणजे एक फूट धरल्यास काम सोपे होते. त्यावर पुढील गोष्टी दाखवाव्यात : खांबाची जागा व वीज येण्याची बाजू, प्रत्येक भिंत मातीची, विटांची की सिमेंटची, आणि तिची जाडी, छप्पर कवेलूचे, टिनाचे की स्लॅबचे, दारे, खिडक्या व विजेची बटणे, चूल, मोरी, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट व फ्रिज, गुरांचा कोठा.

त्यानंतर त्याच नकाशावर वर्षाचे चार भाग लिहावेत.

(१) मृगापासून पोळ्यापर्यंत : बियाणे व खतांच्या गोण्या कोठे ठेवल्या जातात? फवारणीची औषधे कोठे असतात? पावसात कोणती भिंत ओल धरते आणि छप्पर कोठे गळते?

(२) पोळ्यापासून दिवाळीपर्यंत : सोयाबीन कोठे उतरते? पोत्यांची थप्पी कोणत्या भिंतीस व किती उंच लागते?

(३) दिवाळीपासून होळीपर्यंत : कापूस व तूर कोठे साठविली जाते? त्या काळात कोणत्या वाटा व कोणती बटणे बंद होतात?

(४) होळीपासून मृगापर्यंत : ऊन कोणत्या भिंतीस लागते? टिनाखालील कोणती खोली भट्टीसारखी तापते? लग्नसराईत मांडव कोठे पडतो?

हा दुसरा नकाशा काढताना घरातील स्त्रियांस अवश्य विचारावे. कोणती वस्तू कोणत्या महिन्यात कोठे जाते याची अचूक माहिती त्यांनाच असते. चारही भागांत जी भिंत मोकळी, कोरडी व सावलीत राहते, ती यंत्राची भिंत होय. बहुतेक घरांत अशी एक किंवा दोनच ठिकाणे सापडतात आणि मग निवड आपोआप सोपी होते.

ज्या खोलीत कापूस साठविला जातो, ती खोली कोणत्याही कारणाने निवडू नये. त्याचप्रमाणे फवारणीची औषधे व खते ठेवण्याची जागाही वर्ज्य समजावी. खतांची धूळ व ओल यांमुळे यंत्रातील धातूचे भाग गंजतात. चुलीजवळ धूर व काजळी, मोरीजवळ पाणी आणि कोठ्याजवळ धूळ व ओल असते. ही ठिकाणेही यंत्रास मानवत नाहीत.

काम कोठे होते ते पाहावे

जागा मोकळी असणे पुरेसे नाही. ती कामाच्या जवळही असली पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमात, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या काळात बसविलेला दूरध्वनी बापूंच्या दप्तरात आजही पाहावयास मिळतो. जेथे कागदपत्रांचे व निरोपांचे काम चाले, तेथेच तो ठेवला गेला. घरातही हाच विचार करावा.

कुटुंबातील प्रत्येकाचे काम व त्याची जागा नकाशावर खूण करून दाखवावी. मुलगी अभ्यास कोठे करते? महाडीबीटीसारख्या संकेतस्थळावरील अर्ज कोण भरतो व कोठे बसून? हवामानाचा अंदाज, बाजारभाव व सल्ल्याचे कार्यक्रम सायंकाळी कोठे बसून पाहिले जातात? कोठ्यावर कॅमेरा लावावयाचा आहे काय? या सर्व खुणांच्या साधारण मध्यावर यंत्र असावे. अभ्यासाची जागा व अर्ज भरण्याची जागा या दोहोंना अग्रक्रम द्यावा, कारण तेथे मध्येच खंड पडलेला चालत नाही. करमणुकीस थोडी क्षीण लहरही पुरते.

घरातील वाय-फाय शेतापर्यंत पोहोचेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. ई-पीक पाहणीत पिकाचे छायाचित्र शेतात उभे राहूनच घ्यावे लागते. त्यासाठी मोबाइल लागणारच.

भिंती, छप्पर व उंची

आपल्या भागातील जुन्या घरांच्या मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. उन्हाळ्यात त्या घर थंड ठेवतात, पण वाय-फायच्या लहरी पुष्कळशा शोषून घेतात. पावसाळ्यात ओल धरल्यावर अधिकच. अशा एका भिंतीपलीकडे काम चालते, दोन भिंतींपलीकडे ते भरवशाचे राहत नाही. विटांची पातळ भिंत त्या मानाने सोयीची. टिनाचा पडदा, लोखंडी कपाट, धान्याची लोखंडी कोठी व पाण्याची भरलेली टाकी हे सर्व मोठे अडथळे होत. यंत्र कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा कोठीच्या आड ठेवू नये.

बहुतेक यंत्रे दोन प्रकारच्या लहरी सोडतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर दूर जाते व भिंती बऱ्यापैकी पार करते, पण तिचा वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असते, पण एका जाड भिंतीतच क्षीण होते. यंत्र असलेल्या खोलीत दुसरी व इतर खोल्यांत पहिली वापरावी.

यंत्र जमिनीपासून पाच-सहा फूट उंचीवर, चारही बाजूंनी हवा खेळेल असे बसवावे. त्याहून उंच, छताला भिडवून बसवू नये. वर्धा जिल्ह्यात उन्हाळी तापमान ४५ अंशांपर्यंत जाते आणि टिनाखालची हवा त्याहूनही तापते. घरगुती वापराची पुष्कळ यंत्रे मात्र साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनविलेली असतात. म्हणून कवेलूखालची किंवा स्लॅबखालची, पश्चिमेचे ऊन न लागणारी आतली भिंत उत्तम. यंत्रावर कापड झाकू नये. देवघर, फोटो व कॅलेंडर यांच्या दाटीत ते बसवू नये.

दूरची खोली किंवा वरचा मजला राहून जात असेल, तर तेथपर्यंत साधी नेटवर्क केबल नेऊन दुसरे छोटे यंत्र लावता येते. ही तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते. मात्र ती एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्या आकाशाखालून नेऊ नये. वीज पडल्यास ती धक्का घरात आणते. कोठ्यापर्यंत किंवा मळ्यातील घरापर्यंत जावयाचे असल्यास तेथेही फायबरच न्यावी.

छिद्र पाडण्यापूर्वी परीक्षा

जमिनीत पेरण्यापूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासतात, तशी जागेचीही परीक्षा घेता येते. ज्या जागी यंत्र बसवावयाचे तेथे, तेवढ्याच उंचीवर, एक मोबाइल हॉटस्पॉट सुरू करून ठेवावा. दुसरा मोबाइल त्यास जोडून घरभर फिरावे, दारे लावून पाहावे, अभ्यासाच्या जागी बसून पाहावे. प्रत्येक खोलीत लहर किती पट्ट्यांची दिसते ते नकाशावर लिहावे. मोबाइलचा हॉटस्पॉट साधारणतः यंत्राहून दुबळा असतो. म्हणून जेथे मोबाइलने काम भागते, तेथे यंत्राने खात्रीने भागेल. दोन जागांची अशी परीक्षा घेऊन चांगली जागा निवडावी.

तार घरात आणण्याची रीत

(१) रस्ता ओलांडणारी तार कापसाने भरलेली गाडी व मळणीयंत्र खालून सहज जाईल इतकी, म्हणजे निदान १८ फूट उंच असावी. विजेच्या तारेपासून ती शक्य तेवढी दूर ठेवावी व विजेच्या तारेस कधीही बांधू नये.

(२) हवेतून येणाऱ्या तारेत ताण घेण्यासाठी बहुधा एक पोलादी तार असते. ती भिंतीबाहेरील हुकालाच संपवावी, घरात आणू नये. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही, पोलादातून वाहते.

(३) छिद्र आतून बाहेर उतरते, म्हणजे बाहेरचे तोंड खाली असावे. छिद्रात शिरण्यापूर्वी तारेस बाहेर खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळावरून ठिबकून जाते. छिद्र नंतर बुजवावे. उघडे राहिल्यास पाणी, मुंग्या व उंदीर यांची वाट होते.

(४) घरातील तार प्लास्टिकच्या पट्टीतून किंवा नळीतून न्यावी. उंदीर व घुशींपासून तिचे रक्षण होते. लाकडी चौकटीस उधळी लागलेली असेल तर त्या चौकटीवरून तार नेऊ नये.

(५) वळण तळहाताएवढे मोठे ठेवावे. कोपऱ्यात तार काटकोनात दाबू नये, तिच्यावर खिळा ठोकू नये, दाराच्या फटीतून नेऊ नये. यंत्राजवळ आठ-दहा फूट तार मोठ्या वेटोळ्याने राखून ठेवावी. पुढे जागा थोडी बदलावी लागल्यास उपयोगी पडते.

(६) अंगणातून तार पुरून नेणे असल्यास ती जाड नळीतूनच न्यावी व नळीत थोडी सैल सोडावी. आपली काळी भारी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. नळीशिवाय पुरलेली ताठ तार या हालचालीत ताणली जाते.

वीजपुरवठा व आकाशातील वीज

यंत्रासाठी स्वतंत्र बटण असावे. त्याच ठिकाणी मोबाइल, मिक्सर व पंखा यांची गर्दी करू नये. असे यंत्र साधारणतः १२ व्होल्टवर चालते. ते ८ वॅट वीज घेते असे धरल्यास अखंड चालून महिन्यास सुमारे पावणेसहा युनिट होतात.

वीज वारंवार जात असेल तर यंत्रासाठी छोटा बॅटरी-संच घ्यावा. १२ व्होल्ट व ७ ॲम्पिअर-तासांची बॅटरी असे यंत्र पाच-सहा तास चालवू शकते. संच घेताना व्होल्टचा आकडा यंत्राच्या अडॅप्टरवरील आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. गावातील तारेचे निरनिराळ्या घरांसाठी जेथे वाटप होते, तेथील वाटणीपेटीस वीज लागत नाही. परंतु ग्रामपंचायतीत किंवा केंद्रावर असलेल्या मुख्य यंत्रास वीज लागते. तेथील वीज गेल्यास घरची बॅटरी निरुपयोगी ठरते, हे लक्षात घेऊन तेथील बॅटरीचीही चौकशी करावी.

आकाशातील विजेचा धोका फायबरमधून नव्हे, तर विजेच्या बटणातून यंत्रास पोहोचतो. घराच्या अर्थिंगची तपासणी करून घ्यावी. वादळाची चिन्हे दिसू लागताच, कडकडाट सुरू होण्यापूर्वी, अडॅप्टर काढून ठेवावा. कडकडाट चालू असताना त्यास हात लावू नये. पूर्वसूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप उपयोगी आहे.

नमुन्याचे एक घर

एक पूर्वाभिमुख घर घेऊ. पुढे सपरी, तिच्यामागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर. उत्तरेच्या कडेस टिनाची खोली, जीत हिवाळ्यात कापूस असतो. मागे कोठा. खांब ईशान्येस आहे. मुलगी माजघरात अभ्यास करते, वडील सपरीत बसून मोबाइल पाहतात.

टिनाच्या खोलीत यंत्र बसविल्यास खांबापासून भिंतीपर्यंत ६५ फूट व आत १५ फूट, मिळून ८० फूट तार लागते. परंतु तेथून माजघरात जाण्यास एक जाड भिंत व सपरीत जाण्यास दोन भिंती आड येतात; हिवाळ्यात कापूस येतो आणि उन्हाळ्यात टिन तापते.

सपरी व माजघर यांच्यामधील भिंतीवर, माजघराच्या बाजूस, दाराशेजारी यंत्र बसविल्यास खांबापासून ६५ फूट, वळचणीखालून भिंतीच्या कडेने २२ फूट, आत ८ फूट आणि दोन्ही टोकांस राखून ठेवलेली १५ फूट, अशी ११० फूट तार लागते. म्हणजे ३० फूट अधिक. या जादा तारेने प्रकाशात जाणवेल एवढी घट होत नाही. उलट अभ्यास त्याच खोलीत होतो, सपरीकडे दार उघडते, भिंत वर्षभर मोकळी असते आणि कापूस भिंतीआड राहतो. दुसरी जागाच योग्य होय. कारागिरास जादा तारेसाठी थोडे अधिक काम पडेल. ते त्यास आधीच, तार कापण्यापूर्वी, सांगून ठेवावे.

बसवून झाल्यावरची तपासणी

कारागीर जाण्यापूर्वी त्याच्याकडून प्रकाशाची मोजणी करून घ्यावी व आकडा यंत्राशेजारी भिंतीवर किंवा वहीत तारखेसह लिहून ठेवावा. हा आकडा 'उणे इतके डीबीएम' असा असतो. घरगुती जोडणीत तो सामान्यतः उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान चांगला समजतात. उणे २७ च्या खाली गेल्यास काम बंद पडण्याचा संभव असतो. पुढे बिघाड झाल्यावर आकडा पुन्हा मोजावा. तो ३ ने घसरला असेल तर प्रकाश निम्मा झाला असे समजावे आणि तार कोठे दाबली वा वाकली आहे याचा शोध घ्यावा.

'लॉस' नावाचा दिवा लाल होऊन लुकलुकत असल्यास प्रकाश यंत्रापर्यंत पोहोचत नाही, असा अर्थ होतो. अशा वेळी यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू करण्याने काही साधत नाही. प्रथम तारेवर वजन आले आहे काय ते पाहावे आणि नंतर सेवा देणाऱ्यास कळवावे. तारेचे टोक काढून त्यात डोकावू नये. आतील प्रकाश दिसत नसला तरी तो डोळ्यास अपायकारक ठरू शकतो. तुटलेल्या धाग्याचे तुकडे काचेचे असतात. ते हाताने न उचलता चिकटपट्टीने गोळा करावेत व लहान मुलांस जवळ येऊ देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

गावात तार ओढण्याचे काम सुरू होणार असे कळताच कार्यकर्त्यांनी प्रत्येक आळीत एक घर निवडून तेथे नकाशाचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. मातीच्या भिंतींचे व कापूस साठविणारे घर निवडल्यास ते इतरांना अधिक उपयोगी पडेल. मोजपट्टी, खडू, चौकटीची वही व दोन मोबाइल एवढे साहित्य पुरे. वर्षाच्या चार भागांचे प्रश्न घरातील स्त्रियांच्या उपस्थितीत विचारावेत. ज्या घरांत यंत्र आधीच कापसाच्या खोलीत बसले असेल, त्यांची यादी करून दिवाळीपूर्वी जागा बदलून घेण्याविषयी आग्रह धरावा. ते तोपर्यंत न झाल्यास निदान अडॅप्टरभोवती दोन हात जागा मोकळी ठेवण्यास सांगावे आणि रात्री बटण बंद करण्याची सवय लावावी.

सारांश

१. जागा एका दिवसाचे घर पाहून ठरवू नये. वर्षाचे चारही भाग पाहून ठरवावी.
२. अंतर तारेने कापावे, वाय-फायने नव्हे.
३. कापूस, खते, औषधे, चूल व मोरी यांच्या खोल्या वर्ज्य.
४. अभ्यासाची व अर्ज भरण्याची जागा यंत्राच्या जवळ असावी.
५. पाच-सहा फूट उंच, सावलीची, कोरडी, मोकळी आतली भिंत निवडावी.
६. छिद्र पाडण्यापूर्वी मोबाइलने परीक्षा घ्यावी.
७. तारेचे वळण तळहाताएवढे ठेवावे; पोलादी तार बाहेरच संपवावी.
८. प्रकाशाचा आकडा तारखेसह लिहून ठेवावा.
९. वादळापूर्वी अडॅप्टर काढावा.

भिंतीस छिद्र पाडण्यास पाच मिनिटे लागतात. त्यापूर्वी घरातील सर्वांनी मिळून एक सायंकाळ नकाशासाठी द्यावी, आणि कारागीर येईल त्या दिवशी तो नकाशा त्याच्या हाती ठेवावा.